गावचा फुटबॉल क्लब सभासदांच्या मालकीचा करताना

गोव्यात फुटबॉल क्लब नसलेले गाव शोधावे लागेल. पण ‘हा क्लब कोणाचा?’ असे विचारले की बहुतेक ठिकाणी एका माणसाचे नाव पुढे येते. तो पैसा घालतो तोवर जर्सी येते, बूट येतात, सामन्याला गाडी येते. त्याचे लक्ष उडाले की दोन मोसमांत क्लब बसतो. मोठ्या क्लबांची गोष्ट फार वेगळी नाही. २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धांच्या नव्या रचनेला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यांची भूमिका बरोबर की चूक हा वेगळा विषय. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर वर्षानुवर्षे येणाऱ्या प्रेक्षकाला मत देण्याची सोय त्या रचनेत नव्हती, एवढेच इथे महत्त्वाचे.

इंग्लंडात ही सोय करून घेतलेले बरेच क्लब आहेत आणि त्यांतले बहुतेक नॉन-लीग फुटबॉलमध्ये खेळतात. वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब, पाचव्या श्रेणीपासून खालचे सगळे नॉन-लीग. एन्फिल्ड टाऊन २००१ मध्ये समर्थकांनी उभा केला. २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली तेव्हा मागे राहिलेल्या लोकांनी एएफसी विम्बल्डन काढला, आणि तो खालच्या श्रेणीतून चढत २०११ मध्ये ९२ क्लबांत पोचला. ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतल्यावर नाराज समर्थकांनी २००५ मध्ये एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर स्थापन केला. दहाव्या श्रेणीत सुरुवात करून २०१५ मध्ये त्यांनी ब्रॉडहर्स्ट पार्क हे स्वतःचे मैदान उघडले, पहिल्या सामन्याला पाहुणा संघ पोर्तुगालच्या बेन्फिकाचा.

यांतले आपल्या गावात काय आणता येते, काय येत नाही आणि कुठे पाय घसरतो, ते पुढे क्रमाने दिले आहे.

मालकी कशात असते

इंग्लंडातले हे क्लब बहुधा ‘समाजहित संस्था’ म्हणून नोंदलेले असतात. त्यासाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे. अशा संस्थेचा भाग (शेअर) बाजारात विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि कितीही रक्कम घातली तरी मत एकच. एफसी युनायटेडने मैदानासाठी असे भाग काढून सुमारे २० लाख पौंड जमवले. त्यात जास्त रक्कम घालणाऱ्याचे मत किमान रक्कम घालणाऱ्याच्या मतापेक्षा जड झाले नाही. ‘एक सभासद, एक मत’ ही रीत मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधल्या विणकरांच्या आणि कारागिरांच्या सहकारी दुकानाने १८४४ मध्ये रुजवली. तीच पुढे मैदानावर आली.

गोमंतकीयाला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्या गावकरीत, म्हणजे पुढे जिला कोमुनिदाद म्हणू लागले त्या व्यवस्थेत, गावची जमीन एकट्याची नव्हती. फरक दोन. गावकार जन्माने ठरतो, तेही पुरुषाच्या वंशाने. क्लबाचे दार मात्र वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला उघडे हवे. सुनेला, भाड्याने राहणाऱ्याला, बाजारात दुकान चालवणाऱ्या बाहेरगावच्यालाही. दुसरा फरक असा की कोमुनिदादीच्या उत्पन्नातून गावकाराला वाटा मिळे, इथे कोणाला काही मिळायचे नाही. उरलेला प्रत्येक रुपया मैदानावर परत जातो.

नोंदणी

गोव्यात यासाठी सर्वांत सरळ वाट म्हणजे १८६० चा संस्था नोंदणी कायदा. २००१ च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखालीही क्लब बसवता येतो, पण भागभांडवल आणि सहकार निबंधकांच्या देखरेखीचे सगळे सोपस्कार मागे लागतात. शंभर-दीडशे सभासदांच्या गावच्या क्लबाला तो भार झेपत नाही.

किमान ७ जण लागतात. आम्ही म्हणू १५ घ्या, आणि ते सगळे एकाच वाड्यावरचे नसावेत. कागद दोन: संस्थेचे उद्देशपत्र आणि नियमावली. उत्तर गोव्यासाठी पणजी, दक्षिणेसाठी मडगाव इथल्या जिल्हा निबंधक कार्यालयात ते जातात. कोणत्या नमुन्यात हवे, शुल्क किती, गोव्यापुरत्या दुरुस्त्या कोणत्या, हे खिडकीवर आधी विचारून मगच टंकन करा. नाही तर सगळे दोनदा करावे लागते.

जुना क्लब असेल तर नवा नोंदवण्याआधी जुन्याची फाइल पाहून घ्या. कधीकाळी तिघांच्या नावाने नोंदणी झालेली असते, त्यातला एक आखातात, एक वारलेला, आणि त्याच नावाने बँकेत खाते पडून असते. तसे असेल तर जुन्या सभासदांची यादी जुळवून, रीतसर नोटीस काढून सभा घ्या आणि त्याच संस्थेची घटना बदला. नावासाठी भांडत दोन समांतर क्लब उभे राहिले तर गोवा फुटबॉल असोसिएशनकडे संलग्नता कोणाची, हा प्रश्न मोसमभर सुटत नाही.

मूळ कायद्यातली चार कलमे पाठ असावीत, कारण वाद होतो तो यांच्यावरच.

कलम ४: वार्षिक सभा झाल्यापासून १४ दिवसांच्या आत नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची. ही यादी वर्षानुवर्षे न दिल्यामुळे अनेक क्लब कागदावर मेलेले असतात.

कलम १२: उद्देश बदलायचे किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचे तर १० दिवस आधी लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन-पंचमांश मते, आणि महिन्यानंतर दुसऱ्या सभेत पुन्हा तीन-पंचमांश.

कलम १४: संस्था विसर्जित झाली तरी मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडेच जाते. इंग्लिश क्लब ज्याला मालमत्तेचे कुलूप म्हणतात, ते आपल्याकडे १८६० पासून कायद्यातच आहे.

कलम १५: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत नाही. म्हणून सभासद नोंदवहीत रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची.

नियमावलीत काय लिहायचे

छापील नमुना घेऊन नाव बदलायचे, ही चूक सर्रास होते. नमुन्यात अध्यक्षाचे अधिकार दोन पाने आणि सभासदांचे दोन ओळी असतात. खालच्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत घाला.

क्लबाचे नाव, चिन्ह, रंग, लीगमधली जागा आणि मैदानावरचा कोणताही हक्क विकायचा, भाड्याने द्यायचा किंवा गहाण टाकायचा असेल तर एकूण मताधिकारी सभासदांपैकी ७५ टक्क्यांची मंजुरी हवी, तीही किमान ३० दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन सभांत. ‘उपस्थितांपैकी’ असे लिहू नका. पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी १८ माणसे जमतात आणि त्यांतल्या १४ जणांनी हात वर केले की क्लब हातचा जातो. कलम १२ आपल्याला इथे वाचवत नाही, कारण ते उद्देशांबद्दल आहे, नावाच्या किंवा जागेच्या सौद्याबद्दल नाही. पोर्ट्समथ या इंग्लिश क्लबाची आठवण ठेवा: २०१३ मध्ये बुडता क्लब समर्थकांनी वाचवला, आणि २०१७ मध्ये त्याच समर्थक-भागधारकांनी मतदान करून तो अमेरिकी गुंतवणूकदाराला विकला. तो त्यांचा रीतसर निर्णय होता. आपल्या गावात विक्री हा पर्यायच ठेवायचा की नाही, हे सभासद ताज्या दमाचे असताना ठरवावे.

कार्यकारिणी ९ जणांची, मुदत ३ वर्षे, पण दरवर्षी ३ जण निवृत्त होणार. सगळे एकदम बदलले की बँकेत सही करणाराच उरत नाही. कोणीच बदलले नाही तर क्लब पुन्हा चौघांचा होतो. सलग दोन मुदतींनंतर एक वर्ष बाहेर बसायचे. विद्यमान पंचायत सदस्य, सरपंच, आमदार आणि पक्षाचे पदाधिकारी सभासद होऊ शकतात, कार्यकारिणीवर येऊ शकत नाहीत. हा नियम घालताना गावात कुरबुर होईल, तरी घालाच. त्यांची देणगी जरूर घ्या, पावती द्या, मैदानावर आभार माना. पद देऊ नका, कारण निवडणूक हरल्यावर पदाबरोबर क्लबही त्या गटाचा ठरतो.

मतदानाच्या ६० दिवस आधी नवी नोंदणी थांबवा. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी ४० माणसांची वर्गणी एकरकमी भरून सभा जिंकतो, हा प्रकार गोव्यात देवस्थानपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गणी ज्याची त्यानेच भरायची, एका खात्यातून कुटुंबाबाहेरच्यांची रक्कम आली तर ती परत करायची.

आणि एक ओळ हमखास: संघ प्रशिक्षक निवडेल. २००८ मध्ये एका संकेतस्थळावरून जमलेल्या हजारो लोकांनी प्रत्येकी ३५ पौंड भरून एब्सफ्लीट युनायटेड हा नॉन-लीग क्लब घेतला. संघनिवडही सभासदांच्या मतांनी करायची कल्पना होती; प्रत्यक्षात ती प्रशिक्षकाकडेच राहिली आणि तेच शहाणपणाचे होते. आमसभा प्रशिक्षक नेमणाऱ्यांना जाब विचारू शकते. उजव्या बगलेवर कोण खेळणार हे तिने ठरवायला घेतले, की प्रत्येक आई-बाप एक मत घेऊन येतो.

वर्गणी

आकडा ठरवताना गावातल्या सर्वांत तंग घराचा विचार आधी करा. समजा प्रौढांना वर्षाला ५०० रुपये, विद्यार्थ्यांना १००. १२० प्रौढ आणि ६० विद्यार्थी झाले तर ६६,००० रुपये. ज्याला जास्त द्यायचे त्याने देणगी म्हणून वेगळ्या पावतीवर द्यावे. एफसी युनायटेडने हंगामी तिकिटाला फक्त किमान रक्कम ठेवून ‘परवडेल तेवढे द्या’ अशी पद्धत आणली होती. आपल्याकडे ती मोसमाच्या पासाला चांगली लागू पडते.

पुढच्या वर्षाचा अंदाज करताना ६० टक्केच लोक पुन्हा भरतील असे धरून चला. एब्सफ्लीटमध्ये अशीच गळती झाली. पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरला, नूतनीकरण घसरत गेले, आणि २०१३ मध्ये सभासदांनी क्लब दुसऱ्यांच्या हाती सोपवला. जगभर विखुरलेले सभासद थंडीत मैदानावर येत नव्हते, हे त्याचे मूळ. म्हणून पहिले शंभर सभासद चालत मैदानावर येऊ शकतील असे हवेत. नोंदणीसाठी घरोघर जाण्याचा उत्तम काळ गणेश चवथीनंतरचा आठवडा: माणसे गावात असतात आणि मोसम तोंडावर असतो. पण चवथीच्या त्या पाच-सात दिवसांत वर्गणी मागू नका, सगळ्यांचा खिसा रिकामा असतो.

परदेशी असलेल्या गावकऱ्यांबद्दल इथे थांबून वाचा, कारण गोव्यात ही चूक नकळत होते. भारतीय नागरिकत्व असलेल्या माणसाने दुबईहून किंवा जहाजावरून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे तो ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचा म्हणून नोंदलेला) असला तरी कायद्याने परदेशी नागरिक आहे, आणि त्याची देणगी २०१० च्या एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात विदेशी योगदान धरली जाते. नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही. लंडनला असलेला सख्खा भाऊ प्रेमाने जर्सीचे पैसे थेट क्लबाच्या खात्यात टाकतो आणि अडचणीत कार्यकारिणी येते. देणगीच्या अर्जावर ‘नागरिकत्व’ हा रकाना ठेवा आणि तो भरल्याशिवाय पैसे स्वीकारू नका.

पैसा कोणाच्या हाती

संस्थेच्या नावे पॅन, संस्थेच्याच नावे बँक खाते, तिघांपैकी दोघांच्या सह्या. यूपीआयचा क्यूआर थेट त्या खात्याचा. खजिनदाराच्या वैयक्तिक क्रमांकावर ‘तात्पुरते’ पैसे घेण्याची सवय लागली की हिशेब सहा महिन्यांत गढूळ होतो, माणूस कितीही सचोटीचा असो. दर महिन्याच्या ५ तारखेला एक पान: मागची शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक. क्लबाच्या भिंतीवर आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर. २०१६ मध्ये एफसी युनायटेडमध्येही कारभारावरून सभासद आणि मंडळ यांच्यात मोठा वाद झाला. मतपेटी वर्षातून एकदा उघडते, माहिती दर महिन्याला लागते.

कंपन्यांच्या सीएसआर निधीत (समाजकार्यावर खर्चायच्या पैशात) ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण बसते, पण त्यासाठी आयकर खात्याकडे करसवलतीची नोंदणी (१२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी) आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज लागतो. पहिले वर्ष हिशेब तपासून घ्या, मग चार्टर्ड अकाउंटंटकडे हा विषय काढा.

इंग्लिश मैदानांवर मध्यंतरात सोडत असते: तिकिटांची निम्मी रक्कम विजेत्याला, निम्मी क्लबाला. तिथे छोट्या संस्थांना कायद्याने ती मुभा आहे. आपल्याकडे लॉटरी हा राज्य सरकारचा विषय, त्यामुळे ही प्रथा जशीच्या तशी उचलू नका. त्याऐवजी सामन्याचा चेंडू एखाद्या कुटुंबाच्या नावे, आजोबांच्या स्मरणार्थ, अशी रीत चांगली चालते. सर्वांत खात्रीचे उत्पन्न मात्र चहा, भजी-पाव आणि रस-ऑमलेटच्या गाड्याचे. गाडा क्लबाने स्वतः चालवला तर नफा राहतो, पण दर सामन्याला चार माणसे अडकतात. तेवढी नसतील तर गावातल्याच गाडेवाल्याला ठरावीक रकमेवर जागा द्या.

मैदान

आधी उतारा काढा. फॉर्म १ व १४ वर नाव कोणाचे आहे: कोमुनिदाद, देवस्थान, पंचायत, की भाटकार (जमीनदार)? पन्नास वर्षे खेळतो म्हणून मैदान आपले, हा समज एके दिवशी कुंपण पडल्यावर तुटतो. क्लॅप्टन सीएफसी या लंडनच्या क्लबाने सभासदांच्या बळावर २०२० मध्ये ओल्ड स्पॉटेड डॉग हे जुने मैदान विकतच घेतले. त्यांच्या हाती पैसा आला तो बराचसा एका जर्सीमुळे. स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या आंतरराष्ट्रीय तुकड्यांच्या स्मरणार्थ सभासदांनी निवडलेला तो नमुना हजारोंनी खपला. आपल्याला विकत घेणे जमले नाही तरी मुदत, वापराचे दिवस आणि दुरुस्ती कोणाची हे लिहिलेला करार हवा. कापणीनंतरच्या शेतात खेळत असाल तर मालकाबरोबर कुळाचीही संमती घ्या आणि वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या पिकाची) पेरणी होणार का ते आधी विचारा.

आखणीला १०० मीटरची दोन टेप, खुंट्या आणि नायलॉनची दोरी लागते. कोन काटकोनात येण्यासाठी कोपऱ्यापासून एका रेषेवर ९ मीटर, दुसरीवर १२ मीटर मोजा. त्यांच्यातले अंतर बरोबर १५ मीटर भरले पाहिजे. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. पेनल्टी क्षेत्र १६.५ मीटर, पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर, रेषेची जाडी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. भट्टीचा चुना वापरू नका. घसरून पडलेल्या मुलाच्या डोळ्यात आणि खरचटलेल्या गुडघ्यावर तो भाजतो. पाण्यात मिसळायचा पांढरा रंग किंवा संगमरवराची भुकटी चालते. सुटे गोलपोस्ट मागच्या आडव्या दांड्यावर वाळूच्या पोत्यांनी दाबून किंवा जमिनीत खिळवूनच ठेवावेत. मुले त्यांना लोंबकळतात आणि पोस्ट पुढे पडतो.

तांबड्या जांभ्याच्या मैदानात पावसाचे पाणी गोलसमोर साठते, कारण तिथली माती तुडवून दबलेली असते. जूनआधी गोलसमोरचा पट्टा काट्याने १० सेंटिमीटर खोल टोचून वर वाळू पसरा, आणि बाहेरून चर काढा. पावसात सराव दुसऱ्या टोकाला हलवा. चिखलात एक तास खेळलेला पट्टा मग दिवाळीपर्यंत सावरत नाही.

मुलींचा संघ

ससेक्समधला लुइस क्लब २०१० पासून समर्थकांच्या मालकीचा आहे. २०१७ मध्ये त्यांनी पुरुष आणि महिला संघांचे खेळाडूंसाठीचे अंदाजपत्रक सारखे केले, असे करणारा पहिला क्लब म्हणून तो ओळखला जातो. आपल्याकडे पगाराचा प्रश्न येत नाही, मैदानाच्या वेळेचा येतो. संध्याकाळी ५ ते ६.३० हा उजेडाचा चांगला वेळ मुलांना आणि दुपारचे ऊन मुलींना, अशी वाटणी नकळत होते. आठवड्याचे वेळापत्रक आमसभेपुढे ठेवा आणि तास मोजा.

खेळाडूंची नोंद आणि कारभाराचे हस्तांतर

खेळाडू अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर नोंदवावे लागतात. जन्मदाखला आणि आधारवरचे नाव-तारीख जुळत नसेल तर नोंद अडते, म्हणून कागद मे महिन्यातच गोळा करा. नावातला ‘गांवकर’ आणि ‘गावकर’ असा फरकही अडकवतो. लॉगिन क्लबाच्या ईमेलवर ठेवा, सचिवाच्या खासगी ईमेलवर नको.

वार्षिक सभा झाली की निवृत्त होणाऱ्यांनी सात दिवसांत या वस्तू सही घेऊन सोपवायच्या: नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, सभासद नोंदवही, इतिवृत्ताची वही, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तके, चेकबुक, सीआरएस आणि ईमेलचे परवलीचे शब्द, मैदानाचा करार, जाळ्यांच्या खोलीची किल्ली. बँकेतल्या सह्या त्याच आठवड्यात बदला. आणि कलम ४ ची ती नव्या कार्यकारिणीची यादी १४ दिवसांच्या आत निबंधकांकडे देऊन पोचपावतीवर शिक्का घ्या.